दिवसभराच्या शोधाला कुठली पिशवी?

मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलोय. मधले तीन वीकेंड रिलीजने खाल्ले, चौथा झोपेने. या खेपेला विषय पिशवीचा आहे. हसू नका. पिशवीवर निबंध लिहावा लागेल असं मलाही महिन्याभरापूर्वी कुणी सांगितलं असतं तर मीही हसलो असतो.

तर झालं असं. सध्या मी ऑनसाईट इंग्लंडात आहे आणि ज्यांच्या घरात खोली घेऊन राहतो ते घरमालक सत्तरीचे, निवृत्त, एकटे. दर रविवारी पहाटे ते एक लांबलचक दांड्याचं यंत्र गाडीत टाकून निघून जातात आणि अंधार पडता पडता गुडघ्यापर्यंत चिखलाने माखून परत येतात. पहिले दोन महिने मला वाटायचं, मासे पकडायला जात असतील. मग एकदा स्वयंपाकघरात ओट्यावर वर्तमानपत्र पसरून त्यांनी काहीतरी बारीकसारीक मांडलं होतं. एक बटण, एक वाकडा खिळा, दोन शिशाच्या गोळ्या आणि नखाएवढं चांदीचं नाणं. "पहिल्या एडवर्डच्या काळातलं आहे, सातशे वर्षांचं," ते म्हणाले, आणि चहा ढवळायला लागले. आपल्याकडे एखाद्याने "कोथिंबीर दहाला जुडी झाली" म्हणावं त्या सुरात!

मी अर्थातच पुढच्या रविवारी त्यांच्याबरोबर निघालो. मेटल डिटेक्टिंग म्हणतात याला. शेतमालकाची परवानगी घ्यायची, नांगरलेल्या शेतात यंत्र डावीउजवीकडे फिरवत चालायचं, आवाज आला की खणायचं. सकाळी आठ ते संध्याकाळी पाच. या दिवसभराच्या भटकंतीला इथली मंडळी चक्क 'हंट' म्हणतात, म्हणजे शिकार.

मी माझी नेहमीची लॅपटॉपची सॅक पाठीला लावली होती. तिच्यावर कंपनीचा लोगो. त्यांनी एकदा माझ्याकडे, एकदा सॅककडे बघितलं आणि म्हणाले, "ही ऑफिसला ने."

मला तेव्हा ते जरा लागलं. पण दुपारपर्यंत पटलं. दिवसभरात पन्नास-साठ वेळा तरी गुडघ्यावर बसावं लागतं. दर वेळी सॅक पाठीवरून काढा, चिखलात ठेवा, चिखलाच्या हातांनी चेन उघडा, आत अंधारात चाचपडा, परत बंद करा, परत पाठीला लावा. अकरा वाजेपर्यंत चेनमध्ये माती जाऊन ती अर्ध्यावर अडकली ती अडकलीच. जेवणाचा डबा खाली आणि त्याच्या वर खुरपं. त्या दिवशी पोळीच्या रोलला इंग्लंडच्या काळ्या मातीची चव होती.

शिवाय एक खास आमच्या इंजिनियरिंगचा प्रॉब्लेम. डिटेक्टर म्हणजे मुळात एक कॉइल. तिच्यातून बदलता करंट सोडला की आजूबाजूला चुंबकीय क्षेत्र तयार होतं, जमिनीतल्या धातूत त्यामुळे छोटे प्रवाह फिरू लागतात आणि त्या प्रवाहांचं स्वतःचं क्षेत्र कॉइलला परत जाणवतं. दुसऱ्या वर्षाला एडी करंट शिकलो होतो ते हेच (आणि तेव्हा परीक्षेपुरतंच शिकलो होतो). आता धातू म्हणजे कुठलाही धातू. वाकलं की सॅकच्या पट्ट्याचं बक्कल लोंबकळून कॉइलपाशी यायचं आणि यंत्र आनंदाने किंचाळायचं. दोन वेळा मी माझ्याच बक्कलसाठी खड्डा खणला.

त्यांची पिशवी मात्र बघण्यासारखी होती. खाकी, जाड कॅनव्हासची, चौकोनी, वरून झाकणारी फ्लॅप. एकच रुंद पट्टा, तोही तिरपा: उजव्या खांद्यावरून येऊन पिशवी डाव्या कुशीला. उजव्या हातात यंत्र, म्हणून पिशवी डावीकडे, आणि कमरेला दोरीने बांधलेली, म्हणजे वाकलं तरी पुढे झुलत नाही. आत उभा पडदा शिवून दोन कप्पे केलेले. एकात जायचं सामान: पाणी, सँडविच, जादा बॅटऱ्या, गाजराएवढा एक छोटा डिटेक्टर, जो खड्ड्यात घालून नेमकी जागा सापडते, पेन्सिल, वही. दुसऱ्यात फक्त यायचं सामान. त्यात प्लास्टिकच्या छोट्या पिशव्या आणि झाकणाच्या डब्या. कचऱ्यासाठी बाहेरून वेगळा खिसा. कारण दिवसभरात जे सापडतं त्यात नव्वद टक्के कचरा: काडतुसाच्या टोप्या, चुरगळलेली फॉइल, कोल्ड्रिंकच्या डब्यांच्या जुन्या काढायच्या चकत्या. या चकत्यांचा सिग्नल सोन्याच्या अंगठीसारखाच येतो, त्यामुळे प्रत्येक वेळी खणावंच लागतं आणि प्रत्येक वेळी आशा वाटतेच.

मी विचारलं, ही कुठे मिळाली? म्हणाले, "वडिलांची. गॅस मास्कची पिशवी आहे."

संध्याकाळी घरी येऊन अंघोळ करून मी जो शोधायला बसलो तो रात्री दोनपर्यंत. (सोमवारच्या स्टँडअपला काय बोललो ते मला आठवत नाही.)

खांद्यावरच्या कॅनव्हास पिशवीला इंग्रजीत हॅवरसॅक म्हणतात. आपल्याकडे एनसीसीतल्या पोरांना हा शब्द माहीत असतो. मूळ जर्मन, 'हाफर' म्हणजे ओट. घोडदळाच्या शिपायांची घोड्याच्या दाण्याची पिशवी, ती फ्रेंचमधून इंग्रजीत आली आणि येता येता घोड्याचे दाणे जाऊन शिपायाची भाकरी तिच्यात आली. वाचताना मला एकदम आठवलं, अरे, हा तर आपला तोबरा! मराठी घोडेस्वाराच्या घोड्यालाही चंदीसाठी तोबराच लागायचा. आपल्याकडे मात्र त्याची पिशवी झालीच नाही. तो पानाच्या रूपाने थेट माणसाच्या तोंडात गेला.

असो. ही पिशवी गॅस मास्कची कशी झाली? 22 एप्रिल 1915 रोजी बेल्जियममध्ये ईप्रजवळ जर्मनांनी क्लोरीन सोडला, आणि त्यानंतर दोन्ही बाजूंना सैनिकाच्या अंगावर मास्क कायम असणं भाग पडलं. 1916 मध्ये ब्रिटिशांनी जो मास्क आणला त्यात तोंडावरचा मुखवटा आणि हवा गाळणारा डबा वेगवेगळे होते, मध्ये रबरी नळी. डबा कॅनव्हासच्या पिशवीतच राहायचा. आता विचार करा, या पिशवीचं स्पेसिफिकेशन काय असेल? अंधारात, चिखलात, थरथरत्या हातांनी, न बघता काही सेकंदांत उघडली पाहिजे. आतली वस्तू दर वेळी त्याच जागी असली पाहिजे. पळताना, रांगताना, खाली पडल्यावर ती अंगावरून निघता कामा नये. शंभर वर्षांनी शेतात गुडघ्यावर बसलेल्या म्हाताऱ्याला जे हवं होतं ते सगळं यात आलं!

दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर तर सरकारने नागरिकांनाही मास्क वाटले. 1939 च्या सप्टेंबरपर्यंत सुमारे 3 कोटी 80 लाख. नागरिकांचे पुठ्ठ्याच्या खोक्यात, सुतळीने खांद्याला अडकवायचे. सैनिकांचे कॅनव्हासच्या पिशवीत. आणि ज्याच्यासाठी हे सगळं केलं तो विषारी वायू ब्रिटनच्या शहरांवर पडलाच नाही. युद्ध संपलं तेव्हा पिशव्या शिल्लक राहिल्या, ढिगांनी. लष्करी मालाच्या जुन्या बाजारात त्या किरकोळ किमतीला मिळायच्या आणि मासे पकडणारे, विद्यार्थी, सायकलवाले, ज्याला त्याला त्या सोयीच्या वाटल्या. इंडियाना जोन्सच्या खांद्यावर आहे तीही हीच. पहिल्या सिनेमाची गोष्ट 1936 मध्ये घडते आणि पिशवीचं मॉडेल चाळीसच्या दशकातलं, ही चूक त्याचे चाहते मोठ्या प्रेमाने एकमेकांना सांगतात. (त्या माणसाने पुरातत्त्वाचं जे वाटोळं केलंय त्यापुढे ही चूक काहीच नाही, पण त्यावर पुढे येतो.)

गंमत म्हणजे त्या पिशवीबरोबर जे यंत्र चालतं तेही युद्धाच्याच शिलकीतून आलेलं. कॉइलने धातू शोधायची कल्पना तशी जुनी. 1881 मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष गारफील्ड यांना गोळी लागली, ती शरीरात कुठे आहे ते डॉक्टरांना कळेना, तेव्हा अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल, हो तोच टेलिफोनवाला, आपलं यंत्र घेऊन गेला होता. गोळी सापडली नाही. एक कारण असं सांगतात की गादीखाली लोखंडी स्प्रिंगा होत्या. म्हणजे बक्कलने फसलेला मी पहिला इंजिनियर नाही, आणि माझ्या आधीच्याचं नाव फारच मोठं आहे. पण हातात धरून चालता येईल असं यंत्र युद्धाने लोकांपर्यंत आणलं. नाझींच्या ताब्यातल्या पोलंडमधून निसटलेला युझेफ कोसात्स्की नावाचा अधिकारी स्कॉटलंडमध्ये होता, त्याने 1941-42 मध्ये भूसुरुंग शोधायचा डिटेक्टर तयार केला. त्याचं पेटंट न घेता त्याने तो ब्रिटिश सैन्याला देऊन टाकला. 1942 च्या ऑक्टोबरात एल अलामेनच्या वाळवंटात सुरुंगांतून वाट काढायला तो वापरला गेला. युद्धानंतर अशी यंत्रंही बाजारात आली. ज्या म्हाताऱ्या लोकांनी हा छंद सुरू केला त्यांच्या एका हातात सुरुंग शोधायचं यंत्र आणि खांद्याला गॅस मास्कची पिशवी. सुरुंग नाही, गॅस नाही, फक्त एक शेत आणि एक रविवार.

इथपर्यंत वाचून मला वाटलं झालं, मिळाला ब्लॉगचा विषय. पिशवी कुठली घ्यावी याचं उत्तरही मिळालं. पण मग एक प्रश्न डोक्यात अडकला. घरमालकांच्या पिशवीत वही आणि पेन्सिल कशाला?

त्याचं उत्तर सांगायचं तर मला तुम्हाला एका हातोडीची गोष्ट सांगावी लागेल.

सफोक परगण्यात हॉक्सनी नावाचं गाव आहे. 1992 च्या नोव्हेंबरमध्ये तिथल्या एका शेतकऱ्याची हातोडी शेतात हरवली. त्याचा एक मित्र होता, एरिक लॉज, निवृत्त माळी. त्याच्याकडे डिटेक्टर होता. 16 तारखेला तो हातोडी शोधायला आला आणि त्याला आधी चांदीचे चमचे, मग सोन्याचे दागिने, मग नाणी सापडायला लागली. आता तुम्ही त्याच्या जागी आहात अशी कल्पना करा. खड्ड्यात हात घालावा आणि मूठभर रोमन सोनं यावं. दोन बाजारपिशव्या भरल्या त्याने. आणि मग तो थांबला. खड्डा तसाच ठेवला आणि शेतकऱ्याला सांगितलं. त्यांनी जमिनीच्या मालकांना आणि पोलिसांना कळवलं.

दुसऱ्या दिवशी पुरातत्त्वाचे लोक आले आणि उरलेलं सगळं त्यांनी नीट, जागच्या जागी नोंदी करत काढलं. एकूण 14,865 नाणी आणि सोन्याचांदीच्या सुमारे 200 वस्तू. पण मला जे भावलं ते आकडे नाहीत. लाकडी पेटी पंधराशे वर्षांत कुजून गेलेली. तरी वस्तू जिथे होत्या तिथेच असल्यामुळे कळलं की मोठ्या पेटीत छोट्या पेट्या होत्या, चांदीची इवलीशी कुलपं होती, एकात एक ठेवलेल्या वाडग्यांच्या मध्ये गवत घातलं होतं. म्हणजे कुणीतरी घाईने लपवलेलं हे नव्हतं. आपली आई लग्नातली भांडी माळ्यावर ठेवताना मध्ये कागद घालते ना, तसं बसून केलेलं. शेवटची नाणी इसवी सन 407-408 च्या सुमाराची, रोमन राजवट ब्रिटनमधून उठत होती तेव्हाची. परत येऊ असं वाटत असेल त्या घरच्या लोकांना. गवत सोनं नसतं, त्याला डिटेक्टर वाजत नाही. तिसरी बाजारपिशवी भरली असती तर गवत मातीत मिसळून गेलं असतं आणि ते होतं हे कुणाला कळलंही नसतं.

(हातोडीही सापडली. ती आता ब्रिटिश म्युझियममध्ये आहे!)

तेव्हाचा इंग्लंडचा कायदा विचित्र होता. सोनं-चांदी पुरणाऱ्याचा ते परत काढायचा विचार होता की नाही, यावर ते राजाचं की नाही हे ठरायचं. मेलेल्या माणसाच्या मनातलं ओळखायचं! पुढे 1996 चा ट्रेझर कायदा आला. सापडलं की 14 दिवसांत कळवायचं, संग्रहालयाला हवं असेल तर बाजारभावाने मोबदला, तो साधारणपणे शोधणारा आणि जमीनमालक यांच्यात वाटून. आणि 1997 पासून त्याबरोबर एक योजना सुरू झाली, ज्यात कायद्यात न बसणाऱ्या साध्या वस्तूही, म्हणजे बटणं, बक्कलं, शिशाचे तुकडे, लोक आपण होऊन दाखवतात आणि त्यांची जागेसकट नोंद होते. आत्तापर्यंत 15 लाखांहून जास्त वस्तू नोंदल्या गेल्यात. पेन्सिल-वही त्यासाठी. वस्तू सापडली की ती वेगळ्या पिशवीत, पिशवीवर आकडा, वहीत त्या आकड्यासमोर जीपीएसचे आकडे आणि किती खोल ते. आपल्या भाषेत, डेटा आणि त्याचा मेटाडेटा एकत्र कमिट करायचा. मेटाडेटा नंतर भरू म्हणणारे काय करतात ते आपल्याला माहीत आहे.

2010 मध्ये सॉमरसेटमधल्या फ्रोमजवळ डेव्ह क्रिस्प या हॉस्पिटलातल्या स्वयंपाक्याला एक रांजण सापडला. वरची काही नाणी दिसताच त्याने हात आखडला आणि खड्डा बुजवून फोन केला. आत 52,503 नाणी निघाली, वजन सुमारे 160 किलो. कुठल्याही खांद्याच्या पिशवीच्या पलीकडचं प्रकरण. ती उपसताना थराथराने काढली, प्रत्येक थर वेगळा ठेवून. आणि मग दिसलं की कॅरॉशियस नावाच्या बंडखोर सम्राटाची बरीचशी नाणी रांजणाच्या खालच्या भागात होती. हा सम्राट 286 ते 293 चा, म्हणजे रांजणातल्या बहुतेक नाण्यांपेक्षा नंतरचा. जर कुणी वर्षानुवर्षं बचत म्हणून टाकत गेलं असतं, आपल्या पोस्टाच्या आरडीसारखं, तर नवी नाणी वर यायला हवी होती. म्हणजे सगळी एकदम ओतली. त्यात रांजणाची भिंत इतकी पातळ की भरल्यावर तो उचलताच आला नसता. आधी जमिनीत बसवला, मग भरला. पुन्हा काढायचा तरी होता का, की देवाला वाहिलं होतं, यावर अभ्यासक वाद घालतात. पण हा वाद घालता येतो तो एका माणसाने पिशवी भरली नाही म्हणून. बादलीत ओतली असती तरी नाणी 52,503 च भरली असती, पैशांत किंमतही कदाचित तेवढीच आली असती.

आता दोन पिशव्यांची गोष्ट. दोन्ही 2015 सालच्या.

जूनमध्ये वेल्सच्या सीमेजवळ हेरफर्डशरमध्ये दोन डिटेक्टरवाल्यांना व्हायकिंग काळातला साठा सापडला. सोन्याची अंगठी, सापासारख्या तोंडाचं कडं, स्फटिकाचा गोल लोलक, चांदीच्या लगडी आणि तीनशेच्या आसपास नाणी असावीत असा अंदाज. त्यांनी तो कळवला नाही. पिशवीत घालून घरी नेला आणि विकायला लागले. पोलिसांना पुढे एकाच्या फोनमधून पुसून टाकलेले फोटो मिळाले, ज्यात सगळा साठा मातीसकट दिसत होता. 2019 साली दोघांना दहा आणि साडेआठ वर्षांच्या शिक्षा झाल्या (अपिलात नंतर कमी झाल्या). परत मिळाली ती जेमतेम तीसेक नाणी.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ऑक्सफर्डशरमध्ये वॉटलिंग्टनजवळ जेम्स मॅदर यांना चांदीची लगड आणि पाठोपाठ नाणी दिसली. त्यांनी खड्डा बुजवला आणि नोंदणी अधिकाऱ्याला कळवलं. तो साठा मातीच्या ढेकळासकट उचलला गेला आणि प्रयोगशाळेत उकलला गेला. सुमारे दोनशे नाणी, लगडी, दागिने. 2017 मध्ये ऑक्सफर्डच्या ॲशमोलियन संग्रहालयाने तो साडेतेरा लाख पौंडांना विकत घेतला.

मजा अशी की दोन्ही साठ्यांत एकाच दुर्मीळ प्रकारची नाणी होती. शेजारी शेजारी बसलेले दोन सम्राट. एका बाजूला नाव वेसेक्सचा राजा आल्फ्रेड याचं किंवा मर्सियाचा राजा कीओलवुल्फ याचं. आल्फ्रेड म्हणजे इथला थोर राजा, इंग्लंडचा पाया घालणारा. आणि हा कीओलवुल्फ कोण, तर आल्फ्रेडच्या दरबाराशी जोडलेल्या बखरीत त्याला राजाही म्हटलेलं नाही, एक मूर्ख सरदार म्हणून एका ओळीत उडवलंय. नाणी सांगतात की 870 च्या दशकात दोघांनी मिळून, एकसारखी नाणी पाडली होती. बरोबरीचे होते. पुढे एकाचे लेखक उरले, दुसऱ्याचे उरले नाहीत. बखर कोण लिहितं आणि कुणासाठी, हे आपल्या मराठी माणसाला वेगळं सांगायला नको.

त्या दुसऱ्या राजाच्या बाजूने साक्ष द्यायला उरलेले हे चिमुकले साक्षीदार, आणि त्यातले दोनशेहून जास्त एका पिशवीतून बाजारात गेले ते गेलेच. पुढे कधी एखादं लिलावात उगवलं तरी ते कुठून आलं, कशाशेजारी होतं, हे कुणी सांगू शकणार नाही. घरमालकांना या दोघांबद्दल विचारलं तेव्हा एरवी सौम्य असलेला तो माणूस पहिल्यांदाच चिडलेला बघितला. "चोरी पैशांची नाही ती," एवढंच म्हणाले.

आता माझ्याकडे येतो, कारण हे सगळं वाचताना मला माझीच लाज वाटायला लागली होती.

माझ्या मामाचं गाव प्रवरेच्या काठी, नेवाशाच्या बाजूला. लहानपणी उन्हाळ्याच्या सुटीत आजोबांबरोबर मी नदीवर जायचो. आजोबा शाळामास्तर, खांद्याला कायम शबनम. पांढरी, खादीची, धुऊन धुऊन मऊ झालेली. नदीच्या दरडीत आणि गावाबाहेरच्या एका पांढरीच्या टेकाडावर खापरं, शंखाच्या बांगड्यांचे तुकडे, कधी एखादा मणी सापडायचा. मी गोळा करायचो आणि आजोबांच्या शबनममध्ये टाकायचो. त्यांच्या चष्म्याच्या घराबरोबर, रेशनकार्डाबरोबर, शेंगदाण्यांबरोबर. पाच-सहा उन्हाळे हे चाललं. घरी आल्यावर ते सगळं बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात जायचं. काळं-लाल खापर आणि नक्षीचं खापर, दरडीतलं आणि टेकाडावरचं, सगळं एकत्र. तो डबा आज पुण्यात आमच्या माळ्यावर आहे.

त्याच नदीच्या काठी, श्रीरामपूर तालुक्यात दायमाबाद आहे. तिथे 1974 साली एका भिल्ल शेतकऱ्याला झाडाचं खोड खणताना चार ब्राँझच्या वस्तू सापडल्या: दोन बैलांचा रथ आणि रथात उभा माणूस, हत्ती, गेंडा आणि रेडा. मिळून साठ किलोंच्या वर. आपल्या अहमदनगर, आता अहिल्यानगर, जिल्ह्यात गेंडा! नंतर तिथे एस. ए. साळी यांनी मोठं उत्खनन केलं, आणि काही तज्ज्ञांनी या वस्तू उत्तर हडप्पा काळातल्या मानल्या. पण त्या उत्खननात, थरात सापडल्या नव्हत्या. म्हणून शंका घेणारेही आहेत, धातूच्या मिश्रणावरून घेतलेली एक शंका प्रसिद्ध आहे. यात त्या शेतकऱ्याचा काहीच दोष नाही, त्याला खोड काढायचं होतं. पण चार हजार वर्षांपूर्वी प्रवरेकाठी गेंडा कोण घडवत होतं या प्रश्नाचं पक्कं उत्तर त्या खोडाच्या मुळांशी, मातीच्या कुठल्यातरी रंगात होतं.

आपल्याकडेही कायदा आहे बरं का. 1878 चा निखात निधी कायदा अजून आहे: जमिनीत दडलेलं दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं काही सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवायचं. दहा रुपये! 1878 चे दहा, जे आज चहाच्या कटिंगला पुरत नाहीत. शिवाय संरक्षित स्थळी खणायला परवाना लागतो. त्यामुळे हा लेख वाचून कुणी ऑनलाईन डिटेक्टर मागवून किल्ल्यांवर फिरायला लागू नका, प्लीज. इथे जे चालतं ते कळवायची सोय आहे म्हणून चालतं. तिथे तलाठ्याकडे खापर घेऊन गेलात तर तो तुमच्याकडेच संशयाने बघेल, हेही खरं. गुप्तधन म्हटलं की आपल्याला हंडा, नाग आणि अमावस्या आठवते, वही-पेन्सिल नाही.

गेल्या बुधवारी मी आईला व्हिडिओ कॉल करून डबा माळ्यावरून काढायला लावला. ती म्हणाली, "एवढ्या रात्री कुठं ती दगडं?" तिच्याकडे रात्रीचे साडेदहा वाजले होते. तिने एकेक तुकडा टेबलावर मांडला. बांगडीचे सतरा तुकडे, तीन मणी, खापरं मोजली नाहीत. मी प्रत्येकाकडे बघून आठवायचा प्रयत्न केला. एकच आठवलं: निळसर मणी दरडीत, वडाच्या मुळाखाली, कारण तो काढताना मी घसरून पडलो होतो आणि आजोबांनी आधी मणी उचलला, मग मला. बाकी काही नाही.

मग मामाला फोन केला. म्हटलं, मामा, तुम्हाला ते गावाबाहेरचं टेकाड आठवतं का, पांढरीचं? मी पुढच्या सुटीला येतो, आपण जाऊन बघू. मामा म्हणाला, "अरे, ती पांढरी लोकांनी केव्हाच ट्रॅक्टर लावून शेतात टाकली. खत म्हणून चांगली असती. आता ऊस हाये तिथं."

आईला सांगितलंय की निळा मणी वेगळ्या डबीत ठेव आणि वर चिठ्ठी लिही. दरड, वड, मे महिना, मी चौथीत होतो ते वर्ष. तिने लिहिली आणि फोटो पाठवला, खाली तिच्या सवयीप्रमाणे तारीख आणि सही.

पिशवी राहिलीच की! मूळ गॅस मास्कच्या आता महाग झाल्यात, आणि जुन्या कॅनव्हासला इथल्या पावसात वास येतो असं ऐकलं. मी शेवटी जुन्या लष्करी मालाच्या दुकानातून एक साधी कॅनव्हासची तिरप्या पट्ट्याची घेतली, बारा पौंडांना. झाकणाला धातूचं बटण होतं ते कापून लाकडाचं शिवून घेतलं. मध्ये पडदा मी स्वतः शिवलाय, आईच्या मार्गदर्शनाखाली, तोही व्हिडिओ कॉलवर, त्यामुळे टाके कसे आलेत ते विचारू नका. परवाच्या रविवारी नेली होती. दिवसभरात एक शिशाची गोळी, दोन बटणं आणि अकरा चकत्या. गोळी आणि बटणांना आकडे टाकलेत. चकत्या कचऱ्याच्या खिशात.